सागवानी गाडीस नवे इंजिन बसविले त्याची हकिकत

श्रीगजाननास वंदन, कुलस्वामिनीस वंदन, आणि ज्या चार चाकांवर हे राज्य उभे आहे त्यांसही वंदन करून मजकूर लिहिला तो ऐसा. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर. राज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही, सबब सांगितले नाही. त्या राज्याच्या गाडीखान्याचे दरोगे हैबतराव जाचक हे बहुत इमानी, बहुत मेहनती आणि बहुत वैतागलेले पुरुष होते. वैतागण्याचे कारण एक सागवानी गाडी. राजेसाहेबांचे पणजोबा कैलासवासी थोरले महाराज यांनी विलायतेहून मोटार आणविली, तिचे खालचे लोखंड तेवढे विलायती ठेविले आणि वरचे सारे अंग आपल्या सुतारांकडून सागाच्या फळ्यांचे करविले, त्यास पितळी कड्या लाविल्या, आणि ऐसी देखणी गाडी भूमंडळी दुसरी नव्हती, आणि ऐसी हट्टी गाडीही दुसरी नव्हती. पावसाळ्यात तिची दारे फुगून बसत, मग आतले आत राहत आणि बाहेरचे बाहेर. आणि दसऱ्यास स्वारी सीमोल्लंघनास निघे तेव्हा गाडी वेशीपर्यंत डौलाने जाई, आणि वेशीच्या चढावर इंजिन नेमके प्राण सोडी.

प्रथम साली ऐसे जाहले तेव्हा रयतेने हात लावून गाडी वेशीपार ढकलिली, आणि थोरले महाराज संतोषले, आणि ज्याने जेथे हात लाविला होता ती जागा त्यास वंशपरंपरा बहाल केली. तेव्हापासून मागला डावा मडगार्ड खराड्यांच्या घराण्याचा, उजवा मडगार्ड शेलारांचा, आणि मागची फळी माळआळीच्या गोजराक्कांच्या सासरचा मान. एका घराण्याने त्या दिवशी हात लाविलाच नव्हता, बाजूस उभे राहून “हं, लावा जोर” इतकेच म्हटले होते, त्यांस तो मान मिळाला, आणि ते आजतागायत फेटा बांधून येतात आणि तितकेच म्हणतात. मग कोणाचा हात कोणाच्या हातावर पडला यावरून दरसाल तंटा होई, आणि तो मिटेपर्यंत हैबतराव चक्र धरून गाडीत घाम गाळीत बसत. गावाने त्यांस ढकलदरोगे म्हणावे, त्यांच्या वडिलांसही तेच म्हटले होते, आणि वडील तेच नाव घेऊन वारले. हैबतरावांच्या मनी एकच हाव उरली, की जन्मात एकदा तरी राजेसाहेबांची स्वारी आपल्या हाताने, कोणाचा हात न लागता, वेशीपार न्यावी.

त्यांनी राजेसाहेबांस वारंवार अर्ज केला, आणि राजेसाहेब वारंवार “बघू” म्हणाले, आणि शेवटी कंटाळून हो म्हणाले. मग शहरातून इंजिनवाला मिस्त्री आला. आईसाहेबांनी निरोप धाडला की लाकडास एक छिद्र पडता कामा नये, आणि मिस्त्री म्हणाला की छिद्राशिवाय इंजिन हवेत लटकवू काय, आणि राज्याचा सुतार फळीवर आडवा जाहला, आणि दोघांची समजूत घालता घालता हैबतरावांचा घसा बसला. राजेसाहेबांनी मध्येच फर्माविले की गार वारा हवा. मग गार वाऱ्याचे यंत्र आसनाखाली दडविले, तेव्हा आसन इतके उंच जाहले की राजेसाहेबांचा तुरा छतास लागू लागला, मग पुन्हा सारे उचकटले. हैबतराव घरी जाऊन न जेवता निजत, आणि बायकोने काय जाहले विचारिता “काही नाही” म्हणून भिंतीकडे तोंड करीत. परंतु अखेर काम तडीस गेले. कळ फिरविताच इंजिन मांजरागत गुरगुरू लागले, चक्र एका बोटाने वळू लागले, ब्रेकवर पाय ठेविताच गाडी जागी थिजू लागली, आणि बाहेरून पाहता तीच जुनी सागवानी, तीच पितळी कडी. हैबतरावांनी गाडीखान्याचे दार लावून घेतले आणि त्या मिस्त्रीस कडकडून मिठी मारली.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली नाही. मानकऱ्यांस विचारिले नाही. त्यांस वाटले, बिचाऱ्यांच्या कमरा सुटतील, ते आपणास दुवा देतील.

दसरा उजाडला. वाजंत्री लागली, राजेसाहेब जरीचा अंगरखा लेवून गार वाऱ्यात बसले, आणि गाडी ऐसी निघाली की वाजंत्रीवाल्यांस धावावे लागले. हैबतरावांचा ऊर भरून आला होता. वेस दिसू लागली, चढ लागला, इंजिनाने हूं की चूं केले नाही, आणि मग पाहतात तो चढाच्या मध्यावर तुळाजी खराडे मांडी घालून बसलेले. त्यांच्यामागे शेलार, त्यांच्यामागे साऱ्या आळ्या, बाह्या सरसावून बसलेल्या, आणि “हं, लावा जोर” वाले फेटा मांडीवर ठेवून तोंड फिरवून बसलेले. हैबतरावांनी ब्रेक दाबिला, मग खाली उतरून नवे इंजिन कैसे, बळ किती, हे सारे समजाविले, आणि आता कोणास कष्ट नाहीत हेही सांगितले. तुळाजी शांतपणे म्हणाले की कष्टांची तक्रार आम्ही कधी केली होती. मग गोजराक्का पुढे आल्या, वयाने पिकलेल्या, तरी हातात दम असलेल्या, आणि म्हणाल्या, “दरोगासाहेब, गाडी चालती का न्हाई ते तुमचं काम. ढकलायचं आमचं हाय. माझ्या सासूनं ही फळी ढकलली, मी ढकलली, औंदा सुनंचा हात लावायचा म्हणून तिला माहेराहून बोलवून आणलीया. तिला आता काय सांगू?”

हैबतरावांनी कपाळास हात लाविला. त्यांनी मानकऱ्यांस विनविले, दटाविले, पुढच्या साली पाहू म्हटले, आणि कोणी जागचे हलले नाही. मग ते राजेसाहेबांच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले की सरकार, एक हुकूम करावा, म्हणजे ही माणसे उठतील. राजेसाहेबांनी काच खाली केली. बाहेरची माणसे बराच वेळ पाहिली.

“दरोगा,” ते हळू आवाजात म्हणाले, “आमच्या हुकमाने आता वाड्यातली मांजरे उठत नाहीत. मुलूख गेला, फौज गेली. वर्षातून एक दिवस ही माणसे आमची गाडी ढकलतात, तेवढ्यापुरते आम्ही राजे. तुम्ही गाडी उत्तम केली. आता बंद करा.”

इतका संताप हैबतरावांस जन्मात आला नव्हता, आणि तो कोणावर काढावा हेही कळेना, कारण राजेसाहेबांचे म्हणणे त्यांस पटले होते. ते जाऊन चक्रामागे बसले, डोळे भरून आले ते बाहीस पुसले, आणि वडिलांची मनात क्षमा मागून कळ फिरविली, आणि चांगले धडधाकट इंजिन वेशीच्या चढावर मुद्दाम गप्प केले. मग जो जल्लोष उठला तो काय लिहावा. खराडे डाव्यास, शेलार उजव्यास, मागच्या फळीवर सुनेचा हात आणि त्यावर गोजराक्कांचा, फेटेवाल्यांनी तोंड इकडे करून “हं, लावा जोर” म्हटले, आणि हातावर हात पडून तंटाही जाहला. इंजिन बंद पडता ते नवे चक्र जुन्याच्या दुप्पट जड जाहले, ते ओढता ओढता हैबतरावांचे खांदे भरून आले, आणि गाडी वेशीपार गेली.

राजेसाहेबांनी तेथेच आपट्याखाली हैबतरावांस शेला दिला आणि हुकूम केला, की दसऱ्यास वेशीच्या चढावर इंजिन बंद करण्याचा मान आजपासून जाचक घराण्यास वंशपरंपरा. हैबतरावांनी दात आवळून मुजरा केला, आणि घरी येऊन शेला खुंटीवर फेकिला. असला मान कुत्र्यानेही घेऊ नये, असे बायकोस ऐकवून निजले.

दुसरे दिवशी सकाळी त्यांचे चुलतभाऊ निंबाजी जाचक, जे बहुत वर्षांत उंबऱ्यास आले नव्हते, ते ओटीवर येऊन बसले. चहा घेतला, हवापाण्याचे बोलणे केले, आणि मग म्हणाले की हुकूम जाचक घराण्यास जाहला आहे, आणि घराण्यातली थोरली पाती, थोरल्या भावाची, आमची, सबब पुढल्या दसऱ्यास कळ आम्ही फिरवू. हैबतराव उठले, आत गेले, खुंटीवरचा शेला काढून झटकून खांद्यावर घेतला, आणि बाहेर येऊन म्हणाले, “कळीस हात लावून तर बघ.”

ऐसी ही हकिकत. गाडी उत्तम चालते, सबब दरसाल बंद करावी लागते. दोन्ही पात्यांचा तंटा चालू आहे.