मान्यताप्राप्त पुठ्ठा

कोणतीही वस्तू अस्तित्वात येण्यापूर्वी तिला मान्यता मिळालेली असावी, हे सुव्यवस्थित समाजाचे पहिले लक्षण होय.

त्या गुरुवारी सकाळी पावणेआठ वाजता भूगोलाचे निवृत्त मास्तर गॅरेजच्या बाकावर बसून थर्मासमधला चहा पीत होते आणि त्यांची जुनी मोटार समोर चार टेकूंवर उभी होती. तिचा गिअरबॉक्स निकामी झाला होता. दुसऱ्या गाडीचा आणून बसवला, तो अकरा सेंटिमीटर लांब निघाला. परिणामी गिअरबॉक्सला खालून तोलून धरणारा आडवा दांडा, म्हणजे क्रॉसमेंबर, आता अत्यंत इमानाने हवेला आधार देत होता. नवा घडवणे भाग होते.

मास्तरांना घाई होती. त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून याच गाडीची सीट त्यांना मानवत असे. (टॅक्सीत त्या एकदा बसल्या होत्या, उतरवायला चौघे लागले, त्यांपैकी दोघे अनोळखी.) दर गुरुवारी त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या बहिणीकडे जात. चुकलेला हा दुसरा गुरुवार होता.

गॅरेजच्या वेल्डरला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत, कारण याहून मोठ्या एककावर त्याचा विश्वास नव्हता. परंतु घडवलेल्या भागाला सुधारित भाग मान्यता कक्षाची परवानगी लागते. हा कक्ष म्हणजे दक्षतेचा आदर्शच. गेल्या वर्षी त्याने एकशे बारा भाग तपासले. त्यांतला एकही रस्त्यावर तुटला नाही, कारण एकही रस्त्यावर आला नाही. नियम सुटसुटीत होते: मान्यतेपूर्वी भाग बनवणे हा गुन्हा, आणि अर्जासोबत भाग जोडणे सक्तीचे.

मिलिमीटरने यातून मार्ग काढला. पोलाद कापण्याआधी तो नेहमी पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीखाली लावून पाही. तोच नमुना त्याने, भोकांसकट, अर्जाला जोडला.

कक्षाने पुठ्ठ्याची रीतसर तपासणी केली. लांबी बिनचूक. गंज शून्य टक्के. भारचाचणीत नमुन्यास इजा होऊ नये असे कलम असल्याने भार ठेवण्यात आला नाही, आणि नमुना त्या चाचणीत विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाला. पाचव्या गुरुवारी पुठ्ठ्यावर गोल शिक्का बसला.

मग मिलिमीटरने पोलादाचा दांडा घडवला, रबरी बैठका लावल्या, आणि तो कक्षात नेला. निरीक्षकांनी तो हातात घेतला, तोलला आणि हळूच टेबलावर ठेवला. मान्य नमुन्यापेक्षा तो पाच किलो नऊशे ग्रॅम जड होता. असा मनमानी बदल खपवून घेणे शक्य नव्हते. गाडीला मान्य भागच बसवावा, पुढच्या गुरुवारी जागेवर पाहणी होईल, असे त्यांनी सांगितले.

“साहेब, पुठ्ठ्यावर गिअरबॉक्स राहील का?” मिलिमीटरने विचारले.

“ते मला कसं ठाऊक असणार? भारचाचणी झालीच नाही.”

ही हकिगत मास्तरांनी घरी सविस्तर सांगितली. काकूंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

“ताई परवा फोनवर म्हणाली, तू येणार नसशील तर तसं सांग, मी वाट बघणं बंद करते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आता मला फक्त गुरुवार सांगा.”

सहाव्या गुरुवारी निरीक्षक गॅरेजमध्ये आले, पाठीखाली सतरंजी घेऊन गाडीखाली सरकले. पुठ्ठा जागेवर होता, चार तारांनी बांधलेला, शिक्का खालच्या बाजूला. त्यांनी त्यावर बोटाच्या पेराने टकटक केली. पुठ्ठा सहसा असा खणखणीत वाजत नाही. काकू काठी टेकून दारात उभ्या होत्या. गाडीखालून त्यांची पावले तेवढी दिसत होती, एक सरळ, एक जरा तिरके.

निरीक्षक बराच वेळ खालीच राहिले. मग बाहेर आले, कपडे झटकले आणि ‘पुठ्ठा सुस्थितीत’ असे लिहून सही केली. गाडी साडेदहाला निघाली.

ज्या वाचकांना कक्षाचे हसू आले असेल, त्यांनी आपल्या गाडीच्या काचेवरचा कागद कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ते आठवावे. बहुतेकांना चटकन आठवेल. मग गाडीखाली काय आहे, तेही आठवून पाहावे.