प्रेटझेल मऊ पडलं

तुम्हाला म्हणून सांगतो, क्वालिटी माझ्या रक्तात आहे. माझ्या हाताखालून खराब पार्ट बाहेर जाणं म्हणजे चाकणच्या रस्त्यावर सकाळी ट्रॅफिक नसणं! त्यामुळे जर्मनीहून क्लाउस साहेब आमच्या कंपनीत ऑडिटला येणार आणि आमच्या खात्यातला एक जण तिकडच्या ट्रेनिंगसाठी निवडणार, हे कळल्यावर मी फक्त बॅग कुठली घ्यायची याचाच विचार केला.

आडवा येण्यासारखा एकच इसम होता, धनेश. तो बसमध्येसुद्धा जर्मन भाषा घोकत असायचा. मी म्हटलं, घोक लेका! ती भाषा साहेब तिकडे रोज फुकट ऐकतो. मी त्याला घरचं प्रेटझेल खाऊ घालतो!

प्रेटझेल म्हणजे त्यांच्याकडचा पाव. पिठाची लांब दोरी वळायची, हाताची घडी घातल्यासारखी तिला गाठ मारायची, सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवायची आणि जाडं मीठ टाकून ओव्हनमध्ये भाजायची. बाहेरून तांबूस, आतून मऊ. मऊपणा हीच त्याची सगळी इज्जत!

रविवारी मी ओटा ताब्यात घेतला. पहिल्या दोऱ्या तुटल्या, पुढच्या परातीला चिकटल्या. बायको, म्हणजे पूनम, दारात उभी राहून मजा बघत होती.

"अहो, गाठ मारताय की बैल बांधताय?"

"हस, हस! प्रोसेस पाळली की माल चुकत नाही."

आणि नाहीच चुकला! ओव्हनमधून अशी देखणी प्रेटझेलं निघाली की मीच त्यांच्यावरून हात फिरवत बसलो. एकेक अंगठ्याने दाबून पाहिलं. दाबलं की दबायचं, सोडलं की वर यायचं. पूनमने एक खाल्लं आणि लगेच दुसरं उचललं. लग्नानंतर एवढं मोठं सर्टिफिकेट मला मिळालेलं नाही.

आई त्या दिवशी मावशीकडे काळेवाडीला गेली होती. हे लक्षात ठेवा.

सोमवारी पूनम हिंजवडीच्या कॅबने लवकर गेली. मी आंघोळ करून देवळात नारळ फोडायला गेलो, तिथे ओळखीचे भेटले, त्यांना जर्मनीचं सांगण्यात वेळ गेला. परत येतो तर आई आलेली, आणि डबा फडक्यात बांधून तयार!

"समदं नीट भरलंय. तू काय काळजी करू नगंस," आई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता आणि घरात तळणाचा वास होता. मला वाटलं, शेजारी काहीतरी चाललंय.

मीटिंग रूममध्ये मी ऐटीत डबा उघडला. रंग जरा गडद दिसला. म्हटलं, इथला उजेडच तसा आहे! क्लाउस साहेबांनी एक उचललं आणि चावलं.

कडाम्!

साहेबांनी गाल धरला. दात जागेवर आहे का ते जिभेने तपासलं आणि शांतपणे म्हणाले, "हे तळलेलं आहे."

"नाही सर! भाजलेलं आहे."

"माझ्या बोटांना तेल लागलंय."

"सर, प्रोसेस माझी आहे, मला माहीत आहे. तळणाचा प्रश्नच नाही! पाहिजे तर आत्ता घरी फोन लावतो. सगळ्यांसमोर!"

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी स्पीकर चालू केला.

"आई, कालची ती डब्यातली..."

"व्हय, तळली की मी! आरं, समदी कडबोळी मऊ पडली हुती! दाबलं की दबत हुती. म्हटलं, एवढा लांबचा पाव्हणा, घराण्याला काय म्हणंल? मंद आचेवर कडक तळली, वरनं तिखट भुरभुरलं. आता वाजत्यात का न्हाई?"

"वाजली, आई," मी म्हणालो.

धनेशने हे सगळं साहेबांना जर्मनमध्ये सांगितलं. एक शब्द गाळला नाही मेल्याने! साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आणखी दोन चहात बुडवून खाल्ली. मग बोटं पुसत मला म्हणाले, "तुम्ही माल चांगला बनवला असेल. पण मधेच प्रोसेस बदलली आणि तुम्हाला कळलंही नाही. निघताना डबा उघडून पाहिला नाहीत."

क्वालिटीवाल्याला यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडते. जर्मनीला धनेश गेला.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण आईवर चिडणार कसं? प्रवासातून आली तशी ती गॅससमोर उभी राहिली होती, माझी अब्रू वाचवायला! प्रेटझेल मऊच असतं हे तिला परोपरीने समजावलं. "मऊ कडबोळं मुद्दाम कोण करतंय?" एवढंच ती म्हणायची.

परवा धनेशचा फोटो आला. मागे जर्मनीतली बेकरी, हातात हे एवढं मोठं प्रेटझेल! मी धावत जाऊन मोबाईल आईपुढे धरला.

"बघ! तिथल्या दुकानातलं आहे. आता तरी पटलं?"

आईने चष्मा लावला आणि बोटांनी फोटो मोठा केला.

"आरं देवा! त्याचंबी मऊच पडलंय की," ती हळहळली. "परमुलखात तळून द्यायला कुणी न्हाई बिचाऱ्याला. बरं झालं बाबा, तू न्हाई गेलास!"