हरळसाहेबांना घर हवं

"घर? त्यात काय, साहेब! उद्या संध्याकाळी तुम्ही आमच्या गावचे!"

आत्माराम चुरीने छातीवर हात मारून सांगितलं, आणि तो इतक्या जोरात मारला की खिशातलं शाईचं पेन गळायला लागलं.

तेव्हा तारापूरला विजेच्या त्या अवाढव्य कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. बोईसरच्या रस्त्यावर धुळीचे लोट उठत, आणि त्या लोटांतून अधूनमधून एखादा लालबुंद अमेरिकन इंजिनियर बाहेर पडे. त्यातलेच एक हॅरल्ड साहेब. माणूस असा उंच, की गावातल्या कुठल्याही दारातून वाकून शिरला तरी कपाळावर टेंगूळ घेऊनच आत जायचा! लोकांनी पहिल्या आठवड्यातच त्यांचे 'हरळसाहेब' केले. त्यांची बायको डोरोथी. तिची 'दुरपतीबाई' झाली.

साहेबलोकांचे बंगले अजून पायाभरणीतच होते. तोवर नवराबायको पालघरच्या डाकबंगल्यात राहत. तिथले ढेकूण पाहुण्यांमध्ये देशी-परदेशी असा भेदभाव करत नसत. मॅडमनी शेवटी साहेबांना बजावलं, "मला समुद्राकाठी घर बघून दे, नाहीतर बोटीचं तिकीट काढून दे!"

हे आत्मारामने ऐकलं. तो कामावर हजेरी लिहिणारा कारकून, तोही हंगामी. आज आहे, उद्या नाही. साहेबांनी एक शब्द टाकला तर तो कायम होणार होता. शिवाय इंग्रजी येणारा तो गावातला एकटाच. म्हणजे तसं त्याला वाटायचं, आणि त्याला खोटं पाडायला दुसरं कोणी नव्हतं!

शनिवारी सकाळी जीप आत्मारामच्या गावात, खारेवाडीत शिरली. आत्माराम पुढे उभा, जशी काही त्याचीच वरात.

पहिलं घर सरपंच शांताराम राऊतांचं. कौलारू, शेणाने सारवलेलं, भोवती चिकूची वाडी. मॅडम घरभर हिंडल्या आणि म्हणाल्या, "पण समुद्र कुठे आहे?"

"बॅकसाइड, मॅडम!" आत्माराम अभिमानाने म्हणाला. "फुल वॉल! समुद्राचा काही त्रास नाही!"

गावात सगळ्यांनीच समुद्राकडे पाठ करून घरं बांधलेली. खारा वारा भिंती खातो, कडीकोयंडे खातो. त्याच्याकडे तोंड करून बसणार कोण? मॅडमनी त्या भिंतीकडे असं पाहिलं, जसं कोणी त्यांच्या तोंडावरच दार लावलं असावं.

दुसरं घर कोळीवाड्याच्या टोकाला. तिथून समुद्र दिसत होता, पण आधी दिसत होते बोंबील! बांबूंवर ओळीने टांगलेले, हजारोंनी.

साहेबांनी विचारलं, "एवढे मोजे कोणाचे वाळत घातलेत?"

"नो मोजे, सर. लंच!"

मॅडम नाकाला रुमाल लावून जीपमध्ये जाऊन बसल्या. जीप किनाऱ्याने परत निघाली, आणि एकाएकी मॅडम ओरडल्या, "थांबा!"

सुरूची दाट बाग. पुढे पांढरी वाळू, पुढे थेट क्षितिजापर्यंत समुद्र. आसपास चिटपाखरू नाही. आणि बागेच्या कडेला चार खांबांवर उभी एक नवीकोरी पत्र्याची शेड, मधोमध दगडी चौथरा.

"हे! हेच!" मॅडम धावतच सुटल्या.

ते गावचं स्मशान होतं!

साहेब शेडमध्ये शिरले. ते पडले बॉयलरचे इंजिनियर, आगीधुराचे मोठे दर्दी. त्यांनी चौथऱ्यावरच्या लोखंडी जाळीला हात लावून पाहिला, पत्र्याखालची उघडी फट न्याहाळली आणि म्हणाले, "वा! हवा खालून येते, धूर वरून जातो. ज्याने बांधलं त्याला उष्णता कळते!"

"बघा ना, केवढी मोठी चूल!" मॅडमना आनंद मावेना. "चारी बाजूंनी चटयांच्या भिंती घालू. आत्माराम, हे कोणाचं आहे?"

आता 'इथे मेलेली माणसं जाळतात' हे सांगायला काही फार इंग्रजी लागत नाही. पण सकाळपासून बाई पहिल्यांदा हसली होती! हा शब्द उच्चारला तर ती थेट बोटीवर चढणार, आणि तिच्याबरोबर आत्मारामची कायमची नोकरीही. त्याने आडवळणाने सुचवायचं ठरवलं.

"मॅडम, दिस प्लेस… फॉर ओल्ड पीपल."

"म्हाताऱ्यांसाठी! किती छान! रोज येतात?"

"नो मॅडम. वन्स."

"महिन्यातून एकदा?"

"वन्स… ओन्ली वन्स."

"बिचारे, लांब पडत असेल. चालत येतात?"

"नो, नो. फोर फ्रेंड्स ब्रिंग."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलंस, हॅरल्ड? मित्र उचलून आणतात! आणि त्यांना आवडतं इथे?"

"नो कंप्लेंट, मॅडम. टुडे अपटू, नॉट वन कंप्लेंट."

झालं! साहेबांनी त्याचा हात हातात घेऊन असा हलवला की खांदा निखळायचा बाकी राहिला. उद्या रविवार. उद्या दिवसभर इथे राहून बघायचं, स्वयंपाकही इथेच करायचा, आणि जागा मानवली तर सोमवारी चटया!

संध्याकाळी आत्माराम सरपंचांच्या ओटीवर जाऊन बसला.

"शांतारामभाऊ, साहेबाला जागा पसंत पडली."

"कुठली?"

"सुरूच्या बागेतली शेड."

सरपंच अडकित्त्याने सुपारी कातरत होते. अडकित्ता तसाच राहिला. "साहेब बरं हाय ना?"

"ठणठणीत हाय."

"मग घाई कसली?"

आत्मारामने सगळी हकिगत सांगितली. सरपंचांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "उद्या सकाली पयलं काम, त्याला खरं काय ते सांग. नायतर कोणी गेलं तर आमी काय त्यांच्या दारावर टकटक करायची?"

"सांगतो, भाऊ. तसं दिवाळीपासून कोणी गेलेलं नाय. एका दिवसात काय होतंय!"

रविवारी आत्माराम उजाडताच घराबाहेर पडला आणि गावातल्या पाखाडीच्या वाटेने न जाता सरळ किनाऱ्याने गेला. त्यामुळे पंढरी सावेची म्हातारी आई, गोजराबाई, पहाटे झोपेतच गेली, हे सगळ्या गावाला कळलं, पण त्याला कळलं नाही.

साहेब सगळा संसार घेऊन हजर! घडीच्या खुर्च्या, टेबल, टेबलावर बरणीत फुलं. मॅडमनी खांबाला फुलाफुलांचा पडदासुद्धा बांधला. चौथऱ्यावर सुरूची वाळकी लाकडं पेटली, जाळीवर बटाटे आणि दोन दांडगे पापलेट चढले. आत्माराम तोंड उघडायचा, तर मॅडम त्याच्या हातात काहीतरी ठेवायच्या. आधी कांदे ठेवले, मग पंखा. शेवटी त्याच्या कपड्यांना डाग पडू नयेत म्हणून त्याला गळ्यापासून पायापर्यंत पांढराशुभ्र एप्रन बांधला.

"मॅडम, लिसन. दिस किचन, नॉट किचन…"

तेवढ्यात लांबून टाळ-मृदंग ऐकू आला.

"वाजंत्रीवाले! आत्माराम, हे तू आमच्या स्वागताला बोलावलंस?"

आत्माराम पंखा टाकून आवाजाच्या दिशेने बघायला लागला.

तिकडे गोजराबाईंची अंत्ययात्रा सुरूच्या बागेपाशी आली होती. पुढे मडकं धरलेला पंढरी, मागे तिरडी, तिच्यामागे सरपंच आणि निम्मं गाव. एकाएकी पंढरी थांबला. शेडमधून धूर निघत होता!

"आपल्या आदी कोण गेलं?" त्याने विचारलं.

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. गावात दुसरी काहीच खबर नव्हती, आणि साहेबाला तर आत्मारामने सकाळीच खरं सांगून परत पाठवलं असणार, असं सरपंच धरून चालले होते. मग एकेक जण आठवायला लागला, की कोण दिसत नाही.

"सकालपासून आत्माराम नाय दिसला!"

"खरंच की! घरी पण नव्हता!"

"अरे देवा! काल माझ्या ओटीवर बसला होता रे!" सरपंचांनी हंबरडा फोडला. "म्हणत होता, एका दिवसात काय होतंय!"

सगळ्यांनी आत्मारामसाठी उपरण्याने डोळे टिपले. एकदोघांनी त्याच्या स्वभावाबद्दल चार चांगले शब्दही बोलून घेतले, जे त्याच्या हयातीत कोणी कधी बोललं नव्हतं. आणि नेमका त्याच क्षणी, "थांबा! थांबा!" असं ओरडत, डोळ्यांत धूर गेलेला, राखेने माखलेला, पांढरंफेक नेसलेला आत्माराम चितेच्या धुरातून दोन्ही हात पसरून बाहेर आला!

"आत्माराम उटला!"

मग काय सांगायचं! खांदेकऱ्यांनी तिरडी वाळूवर ठेवली एवढीच त्यांची माणुसकी. टाळ एकीकडे, मृदंग दुसरीकडे, माणसं तिसरीकडे! पंढरी तेवढा हलला नाही. आईला सोडून जाणार कुठे? आणि सरपंच राहिले ते वजनामुळे. दोन पावलं पळून ते केवड्याच्या बनात अडकले.

मॅडम हातात झारा घेऊन पुढे आल्या. त्यांनी तिरडी पाहिली, मडकं पाहिलं, पंढरीचा चेहरा पाहिला. मग चौथऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातून झारा गळून पडला.

"माजी आय हाय," पंढरी एवढंच म्हणाला.

हे वाक्य इंग्रजीत करून सांगावं लागलं नाही. साहेबांनी टोपी काढली. दोघांनी धावत जाऊन चौथऱ्यावरचं सगळं उतरवलं. पडदा सुटला, खुर्च्या हलल्या, पापलेट वाळूत गेले. विस्तव बाजूला काढून मॅडमनी समुद्राचं पाणी आणलं आणि चौथरा स्वतःच्या हाताने धुऊन काढला. मग टेबलावरच्या बरणीतली फुलं आणून गोजराबाईंच्या पायाशी ठेवली.

पण खांदा कोण देणार? पंढरीच्या हातात मडकं. साहेब पुढे झाले. आत्माराम झाला. सरपंचांना केवड्यातून ओढून काढलं. चौथं माणूस नव्हतं, तेव्हा तिथे मॅडमनी खांदा लावला! बाईमाणूस तिरडीला खांदा देतंय, यावर गावात एरवी महाभारत झालं असतं. पण हरकत घेणारे सगळे सुरूच्या झाडांमागे होते.

साहेबांचा खांदा इतका उंच, की गोजराबाई निघाल्या त्या थेट स्वर्गाकडे चढण लागल्यासारख्या. एवढ्या दुःखात पंढरीच्या तोंडून निघून गेलं, "आय, सांभाल गं!"

हळूहळू गाव झाडांमागून बाहेर आलं. एकाने आत्मारामला बोटाने टोचून पाहिलं. साहेब आणि मॅडम सगळं होईपर्यंत लांब वाळूवर मान खाली घालून बसून राहिले.

आत्माराम घरी पोचला तर दार आतून बंद. पळालेल्यांनी बातमी आधीच पोचवली होती.

"रखमा, दार उघड! मी हाय!"

"तू कोण, ते मना म्हाईत हाय!" बायको आतून रडत ओरडली. "खरा असशील तर इंग्रजी बोल!"

"ओपन द डोअर! आय एम नॉट डेड, आय एम ओन्ली स्मोक!"

कडी निघाली. असलं इंग्रजी बोलणारा दुसरा कोणी या लोकात नव्हता की त्या लोकात!

संध्याकाळी पंढरी आत्मारामकडे आला. आत्माराम त्याच्या पायाच पडायला निघाला होता, पण पंढरीने त्याला धरलं.

"साहेब राहतो कुठं?"

"पालघरला. ढेकणांत. आता बोटीनं परत जातील."

"आयची माडीवरची खोली हाय. तिनं सगळ्यांशी भांडून समुद्राकडं खिडकी पाडली होती. होड्या बघत बसायची. आता ती बंद करायला माजा हात होत नाय." पंढरी ओटीवर टेकला. "ज्या बाईनं माज्या आयला खांदा दिला, ती परकी नाय. सांग त्यांना."

तेरावं झालं. साहेब पंगतीत मांडी घालायला बसले. मांडी जमली, पण मग ती सोडवायला दोन माणसं लागली. दुसऱ्या दिवशी नवराबायको माडीवर राहायला आले. साहेबांनी शब्द टाकला, आत्माराम कायम झाला. त्यानंतर गावभर तो 'साहेबाला घर मी दिलं' म्हणून सांगत फिरायचा.

काही महिने गेले. पावसाळा सरल्यावर एके दिवशी आत्माराम इस्त्रीचा सदरा घालून पंढरीकडे गेला. मागच्या पडवीत पंढरीची बायको भागी आणि दुरपतीबाई शेजारी शेजारी बसून कोळंबी सोलत होत्या. आत्मारामने भागीकडे 'बघ आता' असा एक कटाक्ष टाकला, घसा खाकरला आणि म्हणाला,

"गुड मॉर्निंग, मॅडम! हाऊ इज युवर हाऊसिंग… आपलं, युवर हाऊस अँड ऑल हेल्थ ऑफ विंडो?"

दुरपतीबाईंनी मान वर केली. कपाळावरची बट मनगटाने मागे सारली आणि म्हणाल्या,

"आत्माराम, मराठीत बोल ना रं! तुजा इंग्रजी मना कलत नाय!"