टाकीतली फाईल

आपल्या भाषेतल्या 'टाकणे' या क्रियापदाने माझं जेवढं नुकसान केलं, तेवढं माझ्या साहेबांनीही केलेलं नाही. (साहेबांनी बावीस वर्षांत प्रयत्न मात्र पुष्कळ केले.)

आमच्या घरी खाऱ्या पाण्यातल्या माशांची एक टाकी आहे. टाकी बायकोची. तिच्यासाठी माशांचं खाद्य आणायला मी एका रजेच्या दिवशी दुकानात गेलो होतो. दुकानदाराला आम्ही प्रोफेसर म्हणतो, कारण एक डबी मागितली तरी तो आधी अर्धा तास शिकवतो. त्या दिवशी त्याच्या दाराशी बादलीत एक दगड पडला होता आणि त्यावर करंगळीएवढं तपकिरी फूल पाण्यात छान डोलत होतं.

"हा कसला दगड?" मी विचारलं.

"तो होय? टाकायचाय, काका."

"मी नेऊ?"

"न्या की. माझा हेलपाटा वाचला."

टाकायचा म्हणजे टाकीत टाकायचा, असा मी अर्थ घेतला. टाक्यांच्या दुकानात उभं राहून दुसरा अर्थ कोणाला सुचेल, तुम्हीच सांगा. बायको गणिताची शिक्षिका, ती शाळेतून पाच वाजता येते. मी साडेचारला दगड टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, इतर दगडांच्या गर्दीत ठेवला आणि वर्तमानपत्र उघडून निरागस चेहऱ्याने बसलो. तिला चकित करायचं होतं.

ती चकित झाली. काचेला नाक लावून म्हणाली, "अगंबाई, फूल आलंय. पाणी चांगलं राखलं की असं आपोआप येतं म्हणतात."

आता एवढ्या खूश झालेल्या बाईला खरं सांगून हिरमुसलं करायचं का? मी गप्प बसलो. (मी मोठ्या मनाचा माणूस आहे. माझी सगळी संकटं याच मोठेपणातून आलेली आहेत.)

पुढचं समजण्यासाठी त्या टाकीतलं कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, ठाऊक असायला हवं. आमची लेक परगावी शिकायला गेली, तेव्हा आईला अंगठ्याएवढा हिरव्या कोरलचा तुकडा देऊन गेली. "हा वाढतोय तोवर मी अभ्यास करतेय असं समज," असं म्हणाली होती. दोन वर्षांत तो तळहाताएवढा झाला. बायको दर रविवारी त्याचा फोटो लेकीला पाठवते. बायको शाळेत गेली की मीही कधीकधी त्याच्याशी चार शब्द बोलतो. लेकीची खोली रिकामी आहे, आणि आम्हा दोघांनाही ते फार लागतं. ते असं उघड बोलायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून आम्ही कोरलशी बोलतो.

फुलाची महिन्याभरात अकरा फुलं झाली आणि कोरल मिटायला लागलं. जिकडे फुलाचे तंतू लागत, तिकडचा हिरवा रंग उडून पांढरं पडे. बायकोने पुस्तकं काढली, चष्मा लावला आणि जेवताना सांगितलं की हे फूलबील काही नाही, हा समुद्रातला उपद्रवी प्राणी आहे, शेजाऱ्याला डंख मारून जागा बळकावतो. त्याचं नाव आयप्टेशिया. मला ते 'आपटेशिया' असं ऐकू आलं, आणि मी आता आपटणार हे माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन मी जुन्या टूथब्रशने सगळी अकरा फुलं खरवडून काढली. टाकी अगदी लख्ख केली. या जातीचे जेवढे तुकडे पडतात तेवढी नवी फुलं उगवतात, हे त्या पुस्तकाच्या पुढच्या पानावर होतं. आठवड्याने बायकोने मोजलं आणि म्हणाली, "एकेचाळीस." ती गणिताची असल्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. ती रोज संध्याकाळी इंजेक्शनच्या सुईने त्यांच्यात उकळतं पाणी सोडायची. दोन मरत, दोन नवी येत.

"हे दादाच्या वाळूतून आलं," ती एकदा ठामपणे म्हणाली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. टाकी मांडली तेव्हा त्याने हौसेने वाळू आणून दिली होती. दर शनिवारी तो आमच्याकडे येऊन दोन तास बसायचा. बायकोने त्याचे फोन घेणं बंद केलं. बिचाऱ्याने मला फोन केला.

"भावजी, मी केलंय तरी काय?"

"वाळू," मी म्हणालो.

"कसली वाळू?"

"पाच वर्षांपूर्वीची."

"बरं," म्हणून त्याने फोन ठेवला. दगडाचं मी सांगितलं नाही. इथे मात्र मला स्वतःची खरोखर लाज वाटली, हे लिहून ठेवतो.

शेवटी मी गुपचूप प्रोफेसरकडे गेलो. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "काका, टाकायचाय म्हणजे फेकायचाय, म्हणून बादलीत ठेवला होता. तुम्ही बागेत वगैरे लावायला नेताय असं वाटलं मला." मग त्याने अर्धा तास शिकवलं आणि एक मासा काढून दिला. तपकिरी, केसाळ आणि बाजूने इतका चपटा, की समोरून पाहिला तर नुसती उभी रेघ दिसावी. "फाईलफिश. ही फुलं याला आवडतात. मात्र त्याला दुसरं काही खायला घालू नका, भूक लागली पाहिजे. आणि लक्ष ठेवा, यातला एखादा कोरलही चाखतो."

(बावीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये फायली लावणाऱ्या माणसाला घरीही फाईलच मिळावी, याला काय म्हणायचं?)

बायकोला मी सांगितलं की शोभेसाठी आणलाय. खरं काम सांगितलं असतं तर तिने चौकशीसाठी प्रोफेसरला फोन केला असता, प्रोफेसरने शिकवायला घेतलं असतं, आणि पहिल्याच धड्यात तो दगड आला असता. पण बायकोने माशाला समोरून पाहिलं आणि तिचं काळीज द्रवलं. "किती वाळलाय हो हा. दुकानात उपाशी ठेवत असणार." झालं. सकाळी कोळंबी, संध्याकाळी कोळंबी. मासा तुडुंब पोटाने फुलांच्या मधून फिरायचा आणि त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. "याला घालू नकोस" म्हणावं तर "का?" आणि त्या 'का'चं उत्तर माझ्याकडे होतं, म्हणूनच पंचाईत होती. तिकडे कोरल निम्मं पांढरं पडलं. त्या रविवारी बायकोने फोटो पाठवला नाही. लेकीचा फोन आला, तेव्हा बायको कॅमेरा बिघडलाय म्हणाली. एरवी शाळेच्या हजेरीतसुद्धा खोटं न लिहिणारी बाई.

मी ऑफिसातून प्रोफेसरला फोन लावला. आमच्या ऑफिसात तेव्हा गावाच्या पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची फाईल आठ दिवस सापडत नव्हती आणि साहेब माझ्या टेबलाशी दर तासाला चक्कर मारत होते, हे मी त्या क्षणी विसरलो.

"फाईल घरी नेऊन आठ दिवस झाले," मी हळू आवाजात म्हणालो. "हो, टाकीतच आहे. नाही हो, खात नाही. बायको रोज घालते ना तिला, मग ती कशाला हलेल? बायकोला खरं कळलं तर संपलंच माझं. आणि या फाईलपायी बिचारा मेहुणा अडकलाय."

मागे वळलो तर साहेब उभे. चेहरा कागदासारखा.

"कोण खातं?" साहेबांनी विचारलं.

"अजून कोणीच नाही, साहेब. तीच तर अडचण आहे."

साहेब तडक केबिनमध्ये गेले आणि संध्याकाळी साडेपाचला थेट आमच्या दारात हजर झाले. बायकोने चहा ठेवला. साहेबांनी कपाला हात लावला नाही.

"वहिनी, स्पष्ट विचारतो. टाकीची फाईल या घरात आहे का?"

बायकोने टाकीचं बिल, पंपाचं वॉरंटी कार्ड आणि पाण्याच्या तपासणीची वही असं सगळं लावलेली फाईल आणून समोर ठेवली. साहेबांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली.

"ही नव्हे. हे जी टाकीत आहे म्हणत होते ती."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी टाकीकडे बोट दाखवलं. साहेब वाकले, चष्मा काचेला लागला.

"मला काही दिसत नाही."

"ती रंग बदलते, साहेब."

"सरकारी फाईल रंग बदलते?"

एवढ्यात ती चपटी रेघ दगडाआडून निघाली आणि आडवी झाली. "हा फाईलफिश," मी म्हणालो, आणि मग माझ्यात बांध फुटल्यासारखं झालं. ही फुलं तो खातो, पण पोट भरलेलं असलं की खात नाही. दगड मी आणला. टाकायचा होता तो मी टाकला. टूथब्रशही मीच फिरवला. वाळूचा काही दोष नाही.

साहेबांनी चहा उचलला, एका घोटात संपवला आणि "चांगला झालाय" म्हणून निघून गेले. (टाकीच्या दुरुस्तीची फाईल दुसऱ्या दिवशी त्यांच्याच कपाटात सापडली. त्याबद्दल ऑफिसात आजवर कोणी चकार शब्द काढलेला नाही.)

बायकोने आधी फोन लावला.

"दादा, मी बोलतेय. अरे, ती वाळू नव्हती. हे होते."

मग तिने कोळंबीचा डबा बंद केला आणि फ्रीजच्या तळाशी ठेवला. दोन दिवस मासा काचेशी येऊन तिच्याकडे बघत राहिला आणि ती तोंड फिरवून वह्या तपासत राहिली. (ते दोन दिवस मलाही साधारण तीच वागणूक होती.) आम्हा दोघांनाही एकच धास्ती होती, की भुकेपोटी हा आधी कोरलवर तोंड टाकेल. तिसऱ्या दिवशी ती रजा टाकून टाकीसमोर बसली आणि ऑफिसात मला तिचा फोन आला.

"खाल्लं."

"काय खाल्लं?" मी विचारलं.

"फूल. मागच्या कोपऱ्यातलं. चाळीस राहिली."

माझा जीव भांड्यात पडला. मी रेकॉर्ड रूमच्या कपाटाला टेकून दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. मग रोज आकडा खाली आला, बत्तीस, एकोणीस, सात. शनिवारी दादा आला, टाकीसमोर बसला, आणि शेवटची दोन फुलं गेली तेव्हा त्याने माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली, की त्यात वाळूचाही हिशेब चुकता झाला असावा. पंधरवड्याने एका सकाळी कोरल उघडलं. पांढऱ्या कडेवर हिरवी नखाएवढी नवी पालवी होती. बायकोने फोटो काढला, पाठवला, आणि पदराने डोळे पुसले. मीही पुसले. कित्येक आठवड्यांनी घराने मोकळा श्वास घेतला.

त्या संध्याकाळी मी शहाणपणाचं बोलायला गेलो. "आता हा मासा प्रोफेसरला परत देऊन येतो. फुलं संपली. रिकामा बसला तर उद्या कोरलवर नजर जाईल त्याची."

बायकोने फ्रीजमधून डबा काढला आणि कोळंबीचा तुकडा पाण्यात सोडला. मासा लगबगीने वर आला.

"राहू दे. पोटभर मिळालं तर कशाला कुठे तोंड घालेल तो?"

"पण काडीचं काम नसताना त्याला बसून पोसायचं?"

"त्यात काय," ती माशाकडेच बघत म्हणाली, "मला पंचवीस वर्षांची सवय आहे."