घागमामांची सालांची वही

संतोष जाधव. वय सव्वीस, गाव चिपळूणजवळचं, काम लोखंडी टाक्यांच्या आत उतरून वेल्डिंग. गेल्या गुरुवारी दुपारी पावणेदोन वाजता, अबू धाबीतल्या मुसफ्फाहून दुबईतल्या अल क्वोजच्या कामगार कॅम्पवर परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, त्याच्या उजव्या खिशातल्या सुट्या रिचार्जेबल बॅटरीने, म्हणजे सेलने, पेट घेतला आणि मांडी भाजली. सोमवारी कंपनीचा कागद तयार: ‘व्हेपचं, म्हणजे इलेक्ट्रिक सिगारेटचं, व्यसन. कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.’ या कागदावर सही झाली की संतोषची नोकरी खलास. तो भाजलेल्या मांडीसकट घरी.

मी याच कंपनीत सुरक्षेची पत्रकं लिहितो. हे पत्रक मला कोणी लिहायला सांगितलेलं नाही. या प्रकरणात मला साक्षीदार एकच सापडला, आणि तो सेलशी बोलतो.

महादेव घाग. सगळे त्यांना मामा म्हणतात. कॅम्पच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी त्यांचं विजेच्या सामानाचं स्टोअर आहे. डोक्यावर केस नाही, पण हातात कायम केस वाळवायचा ड्रायर, तोही गुलाबी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टेबलावर दुमडलेल्या पंच्यावर बोटाएवढे जाड सहा सेल ओळीने निजवलेले होते. अंगावर काही नाही, नुसतं चकचकीत पोलाद. मामांनी एक उचलून कानाला लावला. मी श्वास रोखला. का रोखला, ते विचारू नका.

“झोपलाय,” मामा म्हणाले. “हळू बोला.”

“मामा, सेलला आवाज नसतो.”

“तुमच्या पत्रकात नसेल.”

मग त्यांनी प्लास्टिकची पातळ नळी सेलवर चढवली आणि ड्रायर लावला. ती नळी आकसली. कडा आत वळल्या, अंगाला घट्ट चिकटल्या, जखम भरून यावी तशा. दोन सेकंदांत. भर दुपार होती, बाहेर ऊन रटरटत होतं, आणि माझ्या दंडावर काटा आला.

“झाला सदरा,” मामा त्या सेलला म्हणाले. “आता खुशाल जा कामावर.”

या वेष्टनाला ते सदरा म्हणतात. काढून टाकलेल्याला साल. सदरा फाटका घेऊन कोणी आलं की मामांचा शिमगा सुरू. एकाने फाटक्या जागी केळ्यावरचा स्टिकर लावून आणला होता. “फळ आहे काय रे हे? सोलून खातोस?” दुसऱ्याने काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. “उन्हात तिचा डिंक वितळतो, सेल नळीत अडकतो, मग तू स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतोस, आणि उरलासुरला सदराही जातो. हुशार आहेस. इंजिनीअर हो.”

मी विचारलं, एवढ्याशा प्लास्टिकने होतं काय?

मामांनी सेल माझ्या डोळ्यांसमोर धरला. “वरची टोपी प्लस. बाकी अख्खं अंग मायनस. खांद्यापर्यंत मायनस. मधे नखाएवढी जागा आणि हा सदरा. खांद्यावर फाटला की दोन्ही जोडून आग लागायला एक किल्ली पुरते.”

संतोषच्या खिशात खोलीची किल्ली होती.

आता हे नीट वाचा, कारण कंपनीच्या कागदात हे नाही. आपल्या खोल्यांमध्ये एका माणसाचे सेल एका माणसाचे राहत नाहीत. दिवसा ते कंपनीच्या टॉर्चमध्ये टाकीत उतरतात, संध्याकाळी व्हेपमध्ये, मग चार्जरवर, मग दुसऱ्या पाळीच्या भावाकडे. दिवसातून आठ-दहा वेळा आत-बाहेर. प्रत्येक वेळी धातूची कड सदऱ्याला खरवडते. वर बसच्या खिडकीतलं ऊन, खिशातली वाळू. ऑफिसातल्या माणसाच्या टेबलावर जो सदरा दोन वर्षं टिकेल, तो आपल्याकडे दोन महिनेही टिकत नाही. याला निष्काळजीपणा म्हणायचं? सेल पुरेसे दिले नाहीत त्याला काय म्हणायचं?

“मामा, हे सिद्ध कसं करायचं?”

मामांनी कपाटातून जाडजूड वही काढली. पान उघडलं आणि मी मागे सरकलो. पानापानावर सालं चिकटवलेली होती, उभी चिरून, सपाट दाबून. निळी, हिरवी, जांभळी. सापाची कात जपून ठेवावी तशी. प्रत्येकाखाली नाव, आणि कुठे फाटलं ते. गेल्या वर्षभरातल्या, कंपनीचे नवे टॉर्च आल्यापासूनच्या पानांवर सगळी सालं एकाच जागी फाटलेली. खांद्याखाली, तिरकी चीर. मामांनी कंपनीचा नवा टॉर्च उघडून माझं बोट आत घातलं. नळीच्या तोंडाशी धातूचा काटा राहिला होता. माझ्याही बोटाला तिरकी चीर पडली.

“मामा, ही वही द्या. मी आजच ऑफिसात नेतो.”

“वही नाही मिळणार.”

“मग पानं फाडून द्या!”

“फाडायचं नाव काढू नका.” आवाज एवढा खाली गेला, की मी पुढे केलेला हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच निघाले. इस्त्रीचा शर्ट, वही पंच्यात गुंडाळलेली. जुमेरा लेक टॉवर्समधलं आमचं ऑफिस, एकोणिसावा मजला. एचआरच्या सबनीस मॅडम पुण्याच्या, वाईट नाहीत, घाईत असतात.

मामांनी पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागले. “रमेश कदम, खोली सात. बुडाशी फाटलं.” थांबले. “अशोक तांबे, खोली सात. उन्हानं तडकलं.” थांबले. प्रत्येक नावानंतर एवढे थांबत, की वाटावं कोणी उत्तर देणार आहे.

“घाग, प्लीज, पॉइंटवर या ना. हे लोक आपल्या रोलवर आहेत का?”

“नाहीत मॅडम. मंदीत गेले. सकाळी कामावरून काढलेल्यांची नावं वाचायचे, दुपारी विमान. निरोप घ्यायलाही वेळ नाही. आमच्या खोलीत आठ खाटा होत्या. मी ड्यूटीवरून यायचो, एक खाट रिकामी. परत यायचो, आणखी एक. चार्जरवर सेल तसेच. हिरवा दिवा लागलेला, आणि माणूस नाही. शेवटी मी एकटा आणि सात जणांचे सेल. मी काढून ठेवले. मागायला आले तर? पण इथल्या उन्हात सदरा तडकतो. म्हणून दर वर्षी बदलतो.”

“अजून? ते सेल तर केव्हाच मेले असतील.”

“हो. मेलेत.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “वाचा,” त्या म्हणाल्या. मामांनी सगळी वही वाचली. शेवटच्या पानावर संतोष जाधव. खांद्याखाली, तिरकी चीर. ते साल खिशात सेल पेटण्याच्या तीन आठवडे आधीचं होतं. मामांनी तेव्हा नवा सदरा चढवून दिला होता आणि टॉर्चने तोही फाडला.

मॅडमनी सही थांबवली आहे. रद्द केलेली नाही. “वरचे म्हणतील, एका म्हाताऱ्याची वही. दुसऱ्या कॅम्पमधलं काही आणा. महिनाअखेरपर्यंत थांबते.”

खाली लिफ्टमधून उतरताना मामा म्हणाले, “आज बऱ्याच वर्षांनी ती नावं मोठ्यानं घेतली. बरं वाटलं.”

तर मी तुम्हाला सांगतोय, विनंती करत नाही. मंदीत एका दुपारी अल क्वोजच्या सात नंबर खोलीतून तुम्हाला उचललं असेल, तर मामांना फोन करा. बाकीच्यांनी, मुसफ्फाच्या कॅम्पात असा, सोनापूरच्या कॅम्पात असा, कंपनीचा टॉर्च आत्ता उघडा. सेल बाहेर काढा. खांद्याखाली बोट फिरवा. चीर असेल तर तो सेल वापरू नका, किल्लीसोबत खिशात तर मुळीच नाही. मामांकडून सदरा बदलून घ्या, आणि फाटकं साल नाव घालून माझ्याकडे पाठवा. महिना संपायला अकरा दिवस आहेत. उठा.