पाव फेरा घट्ट

बाबा आठ दिवसांसाठी लेकीकडे राहायला आले आणि पहिल्याच सकाळी त्यांनी सोफा खिडकीशी सरकवला, फ्रिजचं तोंड फिरवलं आणि न्हाणीघराचा नळ खोलून बसले.

"बाबा, तुम्ही पाहुणे आहात हो!"

"म्हणूनच. पाहुण्याला दिसतं ते घरच्यांना दिसत नाही. सोफा त्या जागी म्हणजे रोज करंगळी ठेचणार."

लेकीला हसू आलं. पाहुणा आला की घराची मांडणी बदलते, तीन वर्षं प्रयोगशाळेत ती हेच तर सिद्ध करू पाहत होती. तिच्या प्लॅटिनमच्या अगदी वरच्या थरातले अणू षटकोनात दाटीवाटीने बसलेले असतात. गॅसचे रेणू येऊन त्यांच्यावर टेकले की ते उठतात, चौकोनात ऐसपैस बसतात, आणि ज्यांना जागा उरत नाही ते वर चढून उंचवटे करतात. तिच्या सरांना मात्र हे पटत नव्हतं. "एवढ्याशा गॅसने धातू हलत नसतो," असं ते बारा वर्षं सांगत आले होते.

त्या दिवशी अडीचला सर येणार होते. आधी स्वच्छ प्लॅटिनम, मग गॅस. दोन्ही त्यांच्या डोळ्यांदेखत. नाही जमलं तर सोमवारपासून अणू दाखवणारं यंत्र दुसऱ्या गटाकडे आणि तिची तीन वर्षं पाण्यात. आणि नेमके त्याच दिवशी लेकीचं काम बघायला बाबाही प्रयोगशाळेत आले होते.

"बाबा, इथे बसा. मी सरांना घेऊन येते. कशालाही हात लावू नका."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ती सरांना घेऊन आली. पडद्यावर चित्र उमटू लागलं. चौकोन. त्यावर उंचवटे.

लेकीने घाईघाईने आधीचं चित्र काढलं. "सर, दोन दहाला षटकोनच होते! हे बघा, चित्र आहे."

"आणि आता गॅस न सोडताच चौकोन? म्हणजे तुमचं प्लॅटिनमच स्वच्छ नाही. सोमवारपासून यंत्र..."

"एक मिनिट," कोपऱ्यातून बाबा म्हणाले. "तो चिमुकला नळ आहे ना, तो मला सैल वाटला. जरा घट्ट केला. पाव फेरा."

"बाबा!" लेक नळाकडे धावली. "हा गॅसचा नळ उलटा आहे! उजवीकडे फिरवला की उघडतो!"

"मग तसं लिहून लावायचं ना वर," बाबा ओशाळून म्हणाले.

सर खुर्चीतून उठले. "काका, किती वाजता फिरवलात?"

बाबांनी खिशातून छोटी वही काढली. "दोन वीस. चिमुकला नळ, उजवीकडे, पाव फेरा."

"हे तुम्ही लिहून ठेवलंत?"

"पाणीखात्यात तीस वर्षं काढली, साहेब. नळ फिरवला की वेळ लिहायची. नाहीतर एखादी गल्ली कोरडी पडते आणि शिव्या आम्हाला."

सरांनी दोन दहाचं चित्र पाहिलं, वही पाहिली, पडदा पाहिला. मग म्हणाले, "पुन्हा करा."

नळ बंद करून लेकीने प्लॅटिनम तापवलं. गॅस निघून गेला, अणू निमूट षटकोनात परतले.

"काका, आता तुम्ही."

बाबांनी बाह्या सरसावल्या, मोठ्या थाटात पाव फेरा दिला आणि वहीत वेळ टिपली. थोड्याच वेळात पडद्यावर चौकोन!

"यंत्र इथेच राहू दे," सर लेकीला म्हणाले. "आणि काका राहतात का, तेही बघा."

काका राहिले नाहीत. आठवा दिवस उजाडला तसे ते आपल्या गावी निघाले. संध्याकाळी लेकीने सोफा ढकलत पूर्वीच्या जागी नेला. पाहुणा गेला की सगळं पूर्ववत होतं, शास्त्रच आहे. दिवा लावायला वळली, तोच सोफ्याच्या पायावर तिची करंगळी सणकून आपटली. तिने लंगडतच सोफा पुन्हा खिडकीशी नेला आणि त्यावर बसून राहिली.

फोन वाजला.

"पोचलो गं. करंगळी ठेचली का?"

"छे!" करंगळी चोळत ती म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले. "वेळ लिहून ठेव."