म्हाळूमामाच्या वाड्याचा पत्ता

पोपटरावांचं म्हणणं एवढंच होतं, की रस्ता विचारायला पैसे पडत नाहीत. माणूस दिसला की जीप थांबवावी, रामराम घालावा, तंबाखूची पुडी पुढं करावी आणि विचारावं. तरुणपणी अख्खा शिरूर तालुका त्यांनी असाच पालथा घातला होता, तोही मेंढरांमागं पायी.

"आन् रानात माणूसच न्हाई दिसला तर?" त्यांच्या लेकानं, पप्पूनं विचारलं.

"माणूस दिसत न्हाई अशी जागा ऱ्हायलीय का आता? आडोशाला बसायचं म्हटलं तर जागा घावत न्हाई."

"आप्पा, कान्हूरच्या पुढं माळाला रेंज न्हाई. फोनवरचा नकाशा तिथं गपगार होतो. उन्हात फोन तापतो ते येगळंच. आपल्याला साधं जीपीएस पायजे. त्यात नकाशा मशीनच्या पोटातच असतो. रेंज लागत न्हाई."

"मेंढराला बी लागत न्हाई," पोपटराव म्हणाले.

वाद जीपीएसचा असला, तरी घोर मामाचा होता. पोपटरावांच्या लेकीचं, मोनालीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिच्या मामाला, म्हणजे पोपटरावांच्या बायकोच्या, विठाबाईंच्या धाकट्या भावाला, म्हाळूला, अजून आवतान गेलं नव्हतं. पोपटरावांनी मेंढरं विकून वरवंडला विहीर पाडली, पक्कं घर बांधलं, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. म्हाळू मात्र अजून मेंढरं, घोडी आणि बिऱ्हाड घेऊन माळामाळानं फिरत होता. त्याचा मेंढरांचा तळ, म्हणजे वाडा, जिथं पडेल तिथं त्याचं घर.

अक्षता पडताना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. आणि मामाला बोलवायचं तर त्याच्या बिऱ्हाडी जाऊन, हळदकुंकू लावून, हातात नारळ देऊन. पप्पूच्या लग्नात घाई झाली म्हणून पप्पूनं मामाला फोनवर पत्रिका पाठवली होती. मामा आला, मांडवाबाहेर लिंबाखाली बसला, पाण्याला शिवला नाही आणि अक्षता पडायच्या आधी उठून गेला. लग्नाच्या अल्बमात तो एकाच फोटोत आहे, पाठमोरा.

"ह्या बारीला मामा उभा न्हाई, तर मी बी मांडवात उभी न्हाई," विठाबाईंनी सांगून टाकलं होतं. नुसता फोन करून 'कुठं हायेस' विचारायचीही सोय नव्हती. "सख्ख्या बहिणीला माझं बिऱ्हाड ठावं न्हाई, असं म्हणंल तो. मग झालंच," त्या म्हणाल्या.

मार्ग काढला तो पप्पूनं. रांजणगावच्या कंपनीत त्याच्या शिफ्टला शंभू नावाचा एक लांबचा पाव्हणा होता. तो मामाला वाड्यावर भेटून आला होता, आणि येताना त्यानं मोबाइलवर तिथलं लोकेशन धरून ठेवलं होतं. ते पप्पूनं मागून घेतलं. आता फक्त तिथवर नेणारं यंत्र हवं होतं.

शिक्रापूरला हायवेच्या कडेला, ट्रकांच्या धुरळ्यात, गाड्यांचं सामान विकणारं एक दुकान होतं. दुकानदार उत्तरेकडचा. त्यानं काउंटरवर तीन यंत्रं मांडली. एक टेपच्या जागी बसवायची मोठी स्क्रीन, तिच्यात गाणी, पिक्चर आणि मागचा कॅमेरा. दुसरं डोंगर चढणारे हातात धरतात तसलं, जाडजूड, पाण्यात पडलं तरी चालणारं. तिसरं काचेला चिकटवायचं, चपटं आणि सगळ्यांत स्वस्त.

"हातातलं घेऊ आप्पा. ऑफरोडला तेच चांगलं."

"ऑफरोड म्हंजी?"

"म्हंजी रस्ता नसतो तिथं."

"रस्ता नसतो तिथं रस्ता दाखवायचं एवढं पैसं? नसलेला रस्ता आपून फुकट बघू."

मग मेंढा पारखतात तसं त्यांनी चपटं यंत्र हातात घेऊन वजन बघितलं, उलटं करून पोट बघितलं.

"वय काय ह्याचं?"

"नया है, अंकल."

"नवं हाय तर पाठीला वरखडं कशाचं?"

"शोकेस में रखा था, इसीलिए सस्ता है. और मैप लाइफटाइम फ्री."

"कुणाचं लाइफटाइम? माझं, का ह्याचं?"

दुकानदारानं जरा विचार केला. "जो पहले…" तो म्हणाला आणि पुढचं गिळून यंत्र खोक्यात घालायला लागला.

रविवारी सकाळी ते निघाले. मोनाली वहिनीबरोबर दौंडला ब्लाउज शिवायला टाकायला गेली होती, म्हणून घराला कुलूप लावलं. पप्पू जीप चालवत होता, पोपटराव शेजारी, आणि मागं विठाबाई मांडीवर ताट घेऊन. ताटात नारळ, हळदकुंकू आणि मामाचा नवा फेटा. आवतानाचं ताट वाटेत खाली ठेवायचं नसतं, म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

चौफुल्याच्या पुढं रस्ता अलीकडंच सरळ केला होता. यंत्राला त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या हिशेबी जीप कुणाच्या तरी उसातून चालली होती.

"यू-टर्न लीजिए," आतली बाई म्हणाली.

"ही कुठली हाय?" पोपटरावांनी विचारलं.

"कुठलीच न्हाई आप्पा. मशीनचा आवाज हाय."

"तरी म्हटलं. इथली असती तर एवढ्या खात्रीनं बोलली नसती."

भीमेचा पूल ओलांडून, न्हावऱ्यावरून रांजणगावपर्यंत बाई त्यांना परत फिरायलाच सांगत होती. रांजणगावला मात्र तिला एकदम जवळचा रस्ता सापडला. तो एका कारखान्याच्या गेटाशी जाऊन थांबला. वॉचमननं काठी आडवी धरली.

"पास?"

पोपटराव खाली उतरले. पहिल्यापासून साठलेला संताप आता बाहेर पडला. "पास मला मागतो? आत तुझं कॅन्टीन हाय न्हवं, तिथं माझ्या बापाची मेंढरं बसायची. कुणी पास मागितला न्हाई कवा."

वॉचमननं गेटावरची वही उघडून शांतपणे पान वाचलं. "बाबूजी, आज कोई भेड़ अंदर नहीं गई है."

विठाबाईंनी पदर तोंडाला लावला. पोपटराव गाडीत येऊन बसले ते मशीनकडं न बघता.

कान्हूरच्या अलीकडं बाईनं डांबरी सोडायला सांगितली. पुढं ओढा आला. कोरडा ठणठणीत, पण वाळू पिठासारखी.

"सीधे जाइए."

"पप्पू, जाऊ नगं. ही वाळू गिळती," पोपटराव म्हणाले.

"आप्पा, तिला जवळचा रस्ता ठावा हाय."

वाळूनं पुढची चाकं गिळली, मग मागची. विठाबाई ताट डोक्यावर घेऊन उतरल्या आणि भर उन्हात वाळूत तशाच उभ्या राहिल्या, माळावरच्या देवीच्या दगडासारख्या. पोपटरावांनी आणि पप्पूनं टायरांखाली बाभळीच्या फांद्या घातल्या, त्या टायरांनीच मोडून टाकल्या. शेवटी एक ट्रॅक्टरवाला आला. साखळी लावून त्यानं जीप वर ओढली.

"कुणाकडं निघालाय, आबा?" त्यानं विचारलं.

पप्पू तोंड उघडणार, तेवढ्यात पोपटराव म्हणाले, "आमाला काय विचारतो? ते तिला विचार." आणि काचेकडं बोट दाखवलं. एवढे पैसे मोजल्यावर त्या बाईला मध्येच मोकळं सोडायचं त्यांना पटत नव्हतं. कुठं नेऊन घालते ते त्यांना बघायचंच होतं.

ती त्यांना नेमकी नेऊन घालत होती. माळ संपला, बाभळीचं बन संपलं, आणि एका नांगरलेल्या रानाच्या मधोमध बाई म्हणाली, "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं."

रानात कुणी नव्हतं. चुलीचे तीन काळे दगड, घोडीची वाळलेली लीद आणि सगळीकडं लेंड्या.

"बघ," पोपटराव म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि तो बारीक झाला की घरात सगळे जपून वागायचे. "बघ तुझं लाइफटाइम. बामणाच्या पंचांगाचं बी कवातरी खरं ठरतं. आज सकाळपासनं ही बाई मला फिरवतीय. उसात घातलं, कंपनीत घातलं, वाळूत घातलं. आन् आता म्हणती पोचलो. कुठं पोचलो? त्या दुकानदाराला मी इथं आणून हुबा करतो आन् म्हणतो, दाव मेव्हणा."

बोलणं ऐकून शेजारच्या वस्तीवरून एक म्हातारी आली. रान तिचंच होतं. नाव आक्काबाई.

"वाडा व्हय?" ती म्हणाली. "हलला की."

"कवा?"

"लई दिस झालं. दोन राती बसली मेंढरं, खत झालं, गेली."

"मग ह्या मशीननं सांगाया नगं?"

आक्काबाईनं मशीनकडं बघितलं नाही. तिनं पोपटरावांचा फेटा बघितला, खांद्यावरचं घोंगडं बघितलं.

"धनगराचंच न्हवं तुम्ही?"

"व्हय."

"मग वाडा एका जागी ऱ्हातो व्हय?"

पोपटरावांनी खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. पप्पूचं एक ठीक होतं, तो पक्क्या घरात जन्मला होता. पण ह्या माणसानं विशीपर्यंत एका रानात तिसरी रात्र काढली नव्हती. आणि ह्या माणसानं मेव्हण्याच्या वाड्याचा पत्ता यंत्रात घालून घेतला होता, पोस्टमननं घराला घालावा तसा. त्यांनी विठाबाईंकडं बघितलं. त्याही धनगराच्याच. त्या लांबचा डोंगर बघत होत्या.

"चूक त्या शंभ्याची हाय," पोपटराव शेवटी म्हणाले.

मग पप्पूनं मशीन बंद केलं आणि विचारपूस सुरू झाली. तंबाखूची पुडी निघाली. आक्काबाई म्हणाली, मेंढरं खाली रांजणगावच्या अंगाला गेली. तिथला एक पाटील म्हणाला, माझ्या रानात बसायची होती, पण माझं न्हाई ऐकलं, पुढं न्हावऱ्याला गेली, माणूस हट्टी हाय. "व्हय, तोच," विठाबाई म्हणाल्या. प्रत्येक ठिकाणी मेंढरं जरा आधी हलली होती, आणि प्रत्येक ठिकाणी तंबाखू जरा कमी होत होती. न्हावऱ्याला पुडी संपली. तिथल्या माणसानं चुना नुसताच हातावर घेऊन बसल्या बसल्या सांगितलं, "परवा कालव्याच्या कडेनं पुलाकडं गेला. म्हणत व्हता, बहिणीच्या गावाला जायचंय. भाचीचं लगीन हाय."

"पप्पू, गाडी घराकडं घे," विठाबाई म्हणाल्या.

दिवस मावळायला ते वरवंडला पोचले, तेव्हा म्हाळूचा वाडा पोपटरावांच्याच रानात पडला होता. मांडवासाठी त्यांनी रान सपाट करून, पाणी मारून, चोपून घेतलं होतं. त्या चोपलेल्या जागेवर सगळी मेंढरं ऐसपैस बसून रवंथ करत होती. म्हाळू बांधावर उकिडवा बसला होता. तोंड घराकडं, नजर कुलपावर.

"म्हाळू, आम्ही तुझ्याकडंच गेलो व्हतो रं," विठाबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"कान्हूरच्या माळाला."

"तिथं काय हाय?"

विठाबाईंनी पप्पूकडं बघितलं, पप्पूनं जीपच्या काचेकडं.

"भाचीचं लगीन, आन् घराला कुलूप," म्हाळू म्हणाला. "म्हटलं, दाजींना वाट वाकडी कराया नगं, आपूनच जवळ जाऊन बसू. तर हितं कुत्रं न्हाई. जनावरास्नी पाणी ज्ञानूनं पाजलं."

ज्ञानूचं नाव निघताच पोपटरावांच्या कपाळावर शीर उठली. पलीकडचं रान चुलतभावाचं, ज्ञानूचं. बांध कोरण्यावरून दोघांचं भांडण झालं, तेव्हापासून पोपटरावांनी बांधापलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. पण आत्ता ती वेळ नव्हती. त्यांनी बायकोच्या हातून नारळ घेतला आणि पुढं झाले.

म्हाळूनं दोन्ही हात मागं घेतले.

"हे काय, दाजी? तुमच्याच रानात बसून तुमचं आवतान घ्यायचं व्हय? लोक म्हणतील, मेव्हण्याला दारात बोलवून नारळ दिला. भिक्षा घातल्यावानी. पप्पूच्या टायमाला फोनात दिलं, आता दारात देताय."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"सकाळी वाडा हलणार. तिथं या."

"कुठं हलणार?"

"ते हलल्यावर कळंल."

रात्रभर पोपटरावांना झोप नव्हती. पप्पूनं एकदा हळूच विचारलं, मामाच्या घोडीला एखादं स्वस्तातलं ट्रॅकर बांधू का. पोपटरावांनी त्याला फक्त त्याचं पूर्ण नाव घेऊन हाक मारली. तो झोपायला गेला. विठाबाई ताटापाशीच भिंतीला टेकून बसल्या होत्या. मामा उठून कोकणाकडं चालू लागला, तर मांडवात आईच नसणार होती, आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

उजाडलं तसा वाडा हलला. म्हाळूनं घोडीवर बिऱ्हाड लादलं, जाळ्या गुंडाळल्या, कोकरं डालग्यात घातली, शीळ घातली. मेंढरं उठली. एकामागं एक बांध चढली, बांध उतरली, आणि ज्ञानूच्या रानात जाऊन बसली. म्हाळूनं घोडी सोडली, चुलीचे दगड मांडले, आणि पाव्हण्यांची वाट बघत पाठ करून बसला. शेजारी ज्ञानूनं आधीच पोतं अंथरून ठेवलं होतं.

"आप्पा," पप्पू दबक्या आवाजात म्हणाला, "गाडी काढू का? रस्त्यानं फिरून जाऊ. बांध लागायचा न्हाई."

पोपटरावांनी एकदा बांधाकडं बघितलं, एकदा बायकोकडं. मग नवं धोतर सावरलं, नारळ छातीशी धरला आणि निघाले. मागं ताट घेऊन विठाबाई. बांधावर ते क्षणभर उभे राहिले. ज्ञानू खाली बघून पोत्याच्या सुरकुत्या काढत होता. पोपटराव बांध उतरले.

म्हाळू लगबगीनं उठला. त्यानं पायांवर पाणी घातलं, पोत्यावर बसवलं, चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मग वाकून रामराम घातला.

"या दाजी. या आक्का. लई लांबनं आलासा. वाट घावली का नीट?"

पोपटरावांनी मागं वळून बघितलं. त्यांच्या घराचं दार तिथून स्वच्छ दिसत होतं. शेजारी ज्ञानू कपबशी घेऊन उभा होता, द्यावी की न द्यावी अशा घोटाळ्यात. पोपटरावांनी हात पुढं करून बशी घेतली.

"जरा चुकली," ते म्हणाले. "पन घावली."